गांगुर्डेंचा बिअरचा फ्रीज

जुन्या फ्रीजरमध्ये बर्फ साचतो ना, तसे किस्से साचतात. कोणी मुद्दाम साचवत नाही. रोज थोडा थोडा धरत जातो आणि एक दिवस दारच लागत नाही. मग सुरी घेऊन खरवडायला बसावं लागतं. मी आज बसलेय.

आम्ही चौघं सातपूरच्या एकाच कारखान्यातले. देवरे कँटीन बघायचे, बोरस्ते पर्चेसला, गांगुर्डे मेंटेनन्सला आणि मी, शैला, स्टोअर्सला. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला आणि आम्ही ठरल्यापेक्षा जरा लवकरच रिटायर झालो. तेव्हापासून रविवारी दुपारी बोरस्तेंच्या घरी, गंगापूर रोडला, चहा.

अशाच एका रविवारी बोरस्ते म्हणाले, "माझा भाचा बिअरच्या कारखान्यात लागलाय. घरच्या कार्यक्रमाला परवाना काढला की वीस लिटरचं पिंप मिळतं म्हणतो. त्याला केग म्हणतात. छोटा फ्रीज घ्यायचा, वर नळ बसवायचा, केग आत ठेवायचा. नळ सोडला की गार बिअर."

"नळ कोण बसवणार?" मी विचारलं.

आम्ही तिघांनी गांगुर्डेंकडे पाहिलं. गांगुर्डेंनी जन्मात बिअरला तोंड लावलेलं नाही. घरात आजोबांपासून पंचशील. ते शांतपणे म्हणाले, "प्यायचं तुमचं तुम्ही बघा. गार करायचं माझ्याकडे."

मीही पीत नाही. देवरेंना डॉक्टरांनी बंद केलेली. म्हणजे वीस लिटर एकट्या बोरस्तेंसाठी. हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल, पण बोललं कोणी नाही. चौघांना मिळून करायला खूप दिवसांनी काहीतरी काम मिळालं होतं.

०००

पहिली अडचण मापाची. छोट्या फ्रीजमध्ये मागे खाली कॉम्प्रेसरसाठी एक उंचवटा असतो. बाहेरून फ्रीज मोठा दिसतो, पण आत ठेवलेली उंच वस्तू त्या उंचवट्याला अडते आणि दार उघडं राहतं.

भाच्याने केग द्यायच्या आधी फक्त त्याची मापं पाठवली होती. कागदावरच्या मापांवर देवरेंचा विश्वास नाही. त्यांच्या भावाचा दुधाचा धंदा आहे. ते तिथून जवळजवळ तेवढ्याच उंचीचा, तेवढ्याच घेराचा ॲल्युमिनियमचा कॅन घेऊन आले. तो घेऊन बोरस्ते आणि देवरे शोरूम हिंडायला लागले. प्रत्येक छोट्या फ्रीजचं दार उघडायचं, आतल्या जाळ्या काढायच्या, कॅन ठेवायचा, दार लावून बघायचं.

एका ठिकाणी सेल्समनने विचारलं, "काका, दुधासाठी एवढासा फ्रीज कशाला? मोठा कूलर दाखवू का?"

बोरस्ते पर्चेसमधले. कशासाठी हवंय हे विकणाऱ्याला कळू द्यायचं नाही, ही त्यांची तीस वर्षांची सवय. ते म्हणाले, "दूध नाय ठेवायचं. कॅन ठेवायचाय."

चौथं शोरूम म्हणजे त्याच मालकाची दुसरी शाखा होती. हे दोघं दारातून आत शिरतात तोच काउंटरवरच्या मुलीने फोनवर हात ठेवून आत सांगितलं, "सर, किटलीवाले काका इकडे पण आले."

०००

गांगुर्डेंच्या कानाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कारखान्यात त्यांच्या खिशात एक लांब स्क्रू ड्रायव्हर असायचा. त्याचं टोक मशीनला टेकवायचं आणि मूठ कानाला. डोळे मिटून उभे राहायचे. मग सांगायचे, ह्याचं बेअरिंग गेलंय, त्याचं तेल कमी आहे. नवे इंजिनीअर हसायचे. महिनाभर हसायचे, मग त्यांना हाका मारायला लागायचे.

एकदा मे महिन्यात कँटीनमध्ये आम्ही जेवत होतो. गांगुर्डेंचा घास हातातच थांबला. "देवरे, तुझा डीप फ्रीजर जाणार."

"चालू आहे की," देवरे म्हणाले.

"आज आहे."

दुसऱ्या दिवशी सगळ्या शिफ्टना आमरस होता. सगळा रस त्या फ्रीजरमध्ये. गांगुर्डेंनी संध्याकाळीच कॉम्प्रेसर काढून उघडला, तर आत खरंच सगळं झिजलेलं. नव्या कॉम्प्रेसरची मागणीची चिठ्ठी माझ्याकडे स्टोअर्सला आली. त्यात 'कारण' असा रकाना असतो. तिथे त्यांनी लिहिलं होतं, 'आवाज आवडला नाही.'

प्लँट मॅनेजरने काही न विचारता त्यावर सही केली होती.

०००

नव्या फ्रीजमध्ये मनासारखा मिळेना, म्हणून देवरेंनी एक जुना आणला. त्यांच्या सोसायटीत शिकायला राहिलेल्या मुली घर सोडून गेल्या, त्यांचा. लाल रंगाचा, छान दिसणारा. बोरस्तेंच्या पोर्चमध्ये ठेवला, वायर लावली, बटण दाबलं.

डब्यात सुपाऱ्या घालून हलवाव्यात तसा आवाज सुरू झाला.

गांगुर्डे वाकले. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. आम्ही तिघं उभे. खडखडाट इतका की बोरस्तेवहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मिक्सर कोणी लावला?" बोरस्तेंनी त्यांना डोळ्यांनीच आत जायला सांगितलं.

गांगुर्डे सरळ झाले. चेहऱ्यावर समाधान. "छान आहे. एकदम शांत. हाच घेऊ."

मी देवरेंकडे पाहिलं. देवरे जमिनीकडे बघत होते. शेवटी बोरस्ते म्हणाले, "बाकी ठीक आहे रे, पण रंग... हिला लाल नाय चालत."

"फ्रीजचा रंग कोण बघतं?"

"ही बघते."

दारात उभ्या असलेल्या वहिनींच्या अंगावर लाल साडी होती. फ्रीज परत गेला.

०००

मंगळवारी दुपारी गांगुर्डे माझ्या घरी आले. मी ताक दिलं. अर्धा ग्लास झाल्यावर त्यांनी विषय काढला.

"शैलाताई, स्टोअर्समध्ये तुम्ही कधी खोटी नोंद केली नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. तो फ्रीज खडखडत होता ना?"

"हो."

"बराच?"

"बराच."

त्यांनी मान हलवली. "वहिनी दारात आल्या, काहीतरी म्हणाल्या, आणि बोरस्त्याने त्यांना आत जायला खुणावलं. तेवढं दिसतं मला."

"कधीपासून?"

"कारखान्याची शेवटची दोन वर्षं मी अंदाजानेच काढली. जुन्या मशीन होत्या, स्वभाव माहीत होते. निभावलं." मग ग्लास खाली ठेवून म्हणाले, "डॉक्टर म्हणतात मशीन लावा कानाला. माणसांचं बोलणं नीट येईल. बारीक आवाजांचं काही सांगता येत नाही म्हणाले. मला तेच तर हवे होते."

"घरी माहीत आहे?"

"घरी वाटतं, मी लक्ष देत नाही."

एवढा वेळ मी त्यांच्या बरोबर समोर बसून, मोठ्याने आणि सावकाश बोलत होते. खूप दिवसांपासून मी त्यांच्याशी अशीच बोलत असणार. म्हणजे मला माहीत होतं, आणि मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं. पण वाईट वाटून काय करायचं? मी म्हटलं, "असं करू. आवाज मी ऐकते. तो कशाचा, ते तुम्ही सांगा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुम्हाला जमेल सांगायला?"

"एकतीस वर्षं तुमच्या चिठ्ठ्या वाचल्यात."

०००

त्या शनिवारी बोरस्तेंच्या गाडीतून आम्ही सिन्नरला गेलो. तिथे औद्योगिक वसाहतीबाहेर एक भंगारवाला आहे, बंद पडलेल्या कंपन्यांचं सामान घेतो. वाटेत गांगुर्डेंनी बोरस्ते आणि देवरेंना स्वतःच सांगून टाकलं. मग बोरस्ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. हिला लाल साडी नेसायची मोकळीक झाली."

भंगारवाल्याकडे तीन छोटे फ्रीज होते. मी पहिल्याला कान लावला.

"कसा आहे?" गांगुर्डेंनी विचारलं.

"गिरणी लांबून ऐकू यावी तसा."

"बंद करताना?"

"धाडकन आदळतो."

"खालचे रबर गेलेत. पुढचा."

"ह्याच्यात पाणी उकळल्यासारखं. मध्येच थांबतं, परत येतं."

"गॅस कमी आहे. पुढचा."

तिसऱ्याला कान लावून मी बराच वेळ शब्द शोधत राहिले. "मांजर," मी म्हटलं.

"मांजर?"

"मांडीवर झोपलेलं."

गांगुर्डे हसले. मंगळवारनंतर पहिल्यांदा. "हाच."

देवरेंनी कॅन आत ठेवला. दार लागलं. मग फ्रीज गाडीत चढवायला फिरवला, तर मागे पांढऱ्या रंगात ब्रशने लिहिलेला नंबर. सातच्या आकड्याला खाली छोटी शेपटी. तशी शेपटी मी काढते. आमच्या कारखान्यातला फ्रीज होता तो, फर्स्ट एड रूममधला. धनुर्वाताची इंजेक्शनं असायची त्यात, आणि कोणी बघत नसलं की देवरेंचं श्रीखंड.

देवरे सटाण्याकडचे. मनातलं बोलायचं असलं की त्यांची अहिराणी वर येते. हलकेच म्हणाले, "हाऊ तं आपलाच शे."

"म्हणजे मीच खरेदी केलेला," बोरस्ते म्हणाले.

"आणि मी एकदाही उघडला नाही," गांगुर्डे म्हणाले. "कधी तक्रारच आली नाही ह्याची."

चौघं त्या फ्रीजवर हात ठेवून उभे होतो. भंगारवाला लांबून बघत होता. जवळ येऊन काळजीने म्हणाला, "का हो, खराब निघाला का?"

०००

नळासाठी वर भोक पाडायचं होतं. पण काही फ्रीजमध्ये वरच्या पत्र्याखालून गॅसची नळी जाते. ड्रिल तिला लागलं की फ्रीज संपला. नळी दिसत तर नाही. गांगुर्डेंनी त्यावर युक्ती केली. वहिनींकडून कॉर्नफ्लोअर मागून घेतलं, स्पिरिटमध्ये कालवलं आणि फ्रीजच्या डोक्यावर पातळ लेप दिला. मग फ्रीज चालू केला. गॅसची नळी गरम होते, त्यामुळे तिच्यावरचा लेप आधी वाळतो आणि पांढरी रेघ उमटते. रेघ सोडून भोक पाडायचं.

आम्ही चौघं फ्रीजभोवती वाकून रेघेची वाट बघत होतो. वहिनी आल्या, लेपाला बोट लावलं, वास घेतला.

"हे झाल्यावर तळायचंय का?" त्यांनी विचारलं. अगदी मनापासून. त्यांनी कढई काढली असती.

०००

परवाना आला, केग आला. रविवारची दुपार ठरली. भाच्याने केग आत ठेवून दिला, बिअर वर ढकलणारं गॅसचं छोटं सिलिंडर जोडलं आणि ड्युटीवर गेला. वहिनींनी फ्रीजला हळदकुंकू लावलं. बोरस्तेंनी ग्लास धरून नळ सोडला.

ग्लासभर फेस आला. दुसरा ग्लास, फेस. वहिनींनी आमटीचं पातेलं आणून दिलं, तेही फेसाने भरलं. गांगुर्डेंनी दार उघडून आत पाहिलं. "पाइप दोन मीटर ठेवायला सांगितलेला. हा हातभर आहे. आखूड पाइपातून बिअर जोरात येते, मग फेसच होणार."

"लोंबत होता रे," बोरस्ते म्हणाले. "बरा दिसेना, म्हणून कापला मी."

नवा पाइप येईपर्यंत बिअर मिळणार नव्हती. बोरस्ते पातेल्यातला फेस बसायची वाट बघत चमच्याने तो बाजूला सारत होते. वहिनींनी बाकीच्यांना चहा केला. आम्ही पोर्चमध्ये सतरंजीवर बसलो. शेजारच्या बंगल्यात कोणीतरी गाडी धूत होतं, रस्त्यावरून भाजीवाल्याचा स्पीकर चालला होता.

गांगुर्डेंना कानाच्या मशीनसाठी पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली होती. पण ते बोलत होते नातीबद्दल. घरी सांगितल्यापासून ती त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलते आणि त्यांनी शुद्धलेखनाच्या चुका काढल्या की रागावते. फ्रीज त्यांच्या पाठीमागे, चार-पाच हातांवर. जमिनीवर तळहात टेकून सांगता सांगता ते मध्येच थांबले.

"लागला," ते म्हणाले.

"काय?" बोरस्तेंचा चमचा थांबला.

"कॉम्प्रेसर सुरू झाला."

बोरस्तेंनी माझ्याकडे पाहिलं, देवरेंनीही. ऐकायचं काम माझं होतं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं.

मी उठले, फ्रीजपाशी गेले आणि त्याच्या अंगाला तळहात लावला.

लागला होता.