आपल्या बाजूचा काटा

आमचे हे डॉक्टरांना म्हणाले, "दोनच भाकरी खातो, मॅडम." मॅडमनी खूश होऊन मान हलवली. नगरच्या त्या दवाखान्यात बसलेली ती लहान चणीची मुलगी. तिच्या घरी भाकरी होत असलीच, तर ती फुलक्याएवढी असणार. मला राहवलं नाही. मी दोन्ही हात पसरून आमच्याकडची भाकरी केवढी असते ते दाखवलं. मॅडमचं पेन हवेतच थांबलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी माहेरच्या बाजूने साक्ष दिली.

प्रश्न भाकरीचा नव्हता, डोळ्याचा होता. ह्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, डावाही धरत चालला होता आणि साखर उतरल्याशिवाय डोळ्यांचे डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. ह्यांना विचारलं तर दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होतं. चहा कपाबाहेर ओतला तर कप चुकीच्या जागी ठेवलेला असायचा.

मॅडमनी सांगितलं, भाकरी मोजू नका, तोला. एका जेवणाला ऐंशी ग्रॅम. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या.

काटा हा शब्द आमच्या घरात साधा नाही. आम्ही श्रीगोंद्याकडचे. ऊस घालणार, कांदा विकणार, दूध घालणार, आणि प्रत्येक ठिकाणी पलीकडे कुणाचा तरी काटा. विकणाऱ्याला काटा नेहमी कमीच दाखवतो, असं ह्यांचं ठाम मत. "काटा मारला" हे दोन शब्द ह्यांच्या तोंडून मी लग्नापासून ऐकते आहे. खरं-खोटं देव जाणे. पण परक्या काट्यावर आपलं काही चढवायचं, तर आधी दुसरीकडे तोलून न्यायचं, हा ह्यांचा नेम.

त्या नेमाप्रमाणे दुकानात जाण्याआधी ह्यांनी किराणा दुकानातून मिठाची किलोची सीलबंद पिशवी घेतली. भांड्यांच्या दुकानदाराने दोन काटे पुढे मांडले. एक डिजिटल, काचेचा, चपटा. दुसरा जुन्या पद्धतीचा, वर तबकडी आणि समोर जाड लाल सुई. ह्यांनी डिजिटलवर मीठ ठेवलं. किलो आणि वर पिशवीचे चार ग्रॅम, असं बरोब्बर वजन आलं.

"इतकं बरुबर दाखवतोय म्हंजी आत कायतरी सेटिंग हाय," हे म्हणाले.

मग सुईच्या काट्यावर मीठ ठेवलं. सुई किलोच्या पुढे पन्नास ग्रॅम जाऊन उभी राहिली. ह्यांचा चेहरा उजळला. पहिला मुलगा झाला तेव्हाही तो इतका उजळला नव्हता.

"काका, ती सुई शून्याच्या पुढं सरकलीय," दुकानदार म्हणाला. "मागच्या बाजूला पेच आहे, आत्ता बरोबर करून देतो."

"हात लावू नगा! लई दिवसांनी आपल्या बाजूचा काटा घावलाय."

मी समजावून पाहिलं. अहो, आपल्याला काही विकायचं नाही, आपल्याला खायचंय. पण आयुष्यभर विकत आलेल्या माणसाला हे पटत नाही. जास्त दाखवतो तो काटा चांगला, बस्स. काटा, मीठ आणि हे, असे तिघे गावी परतले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाला मी भाकरीचा तुकडा काट्यावर ठेवला. तुकडा पोराच्या तळहाताएवढा, आणि सुई थेट ऐंशीवर. ह्यांनी तो ताटात घेतला, उलटा केला, खाली काही आहे का पाहिलं.

"एवढीच? पाखराला घातलीय का?"

"तुमचाच काटा सांगतोय."

ह्यांनी एकदा तुकड्याकडे आणि एकदा सुईकडे पाहिलं. मग उजेड पडला. इथे ते विकणारे नव्हते, घेणारे होते. आपल्या बाजूचा काटा पहिल्याच जेवणाला फितूर झाला होता. मला हसू आवरेना, आणि त्या हसण्याची शिक्षा लगेच मिळाली. ह्यांनी काटा पालथा केला आणि पेच फिरवला. सुई शून्यावर आली. तिथे थांबतील तर ते हे कसले! फिरवत फिरवत ती शून्याच्या मागे नेऊन ठेवली. आता अर्ध्याहून जास्त भाकरी ठेवली तरी सुई कशीबशी ऐंशीला टेकायची.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. सकाळी निघताना सुई शून्यावर आणून जायची. दुपारी हे एकटे जेवायचे आणि संध्याकाळी सुई पुन्हा मागे. दुसऱ्याने मारला तर तो दरोडा, आपण मारला तर पोटापुरतं. भाकरी मात्र हे न चुकता तोलायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे, "आपलं समदं ग्रॅमवर चालतंय."

तपासणीला गेलो तर साखर जिथल्या तिथे. "वजन करूनच खाता ना?" मॅडमनी विचारलं. "ग्रॅमभर इकडं-तिकडं न्हाई," हे म्हणाले, आणि खोटं बोलताना पापणीही हलली नाही. ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं.

स्टँडवर मी पाणी आणायला गेले होते. परत येते तो हे एका अनोळखी बाईला विचारत होते, "ताई, ही गाडी श्रीगोंद्याची का?" गाडी पुढ्यात उभी होती आणि वर हातभर अक्षरांत श्रीगोंदा लिहिलेलं होतं. इतके दिवस मी चिडत होते. त्या क्षणी मात्र मला नुसती भीती वाटली. हा माणूस भाकरीच्या तुकड्यापायी आंधळा होईल आणि तरी काट्यालाच नावं ठेवील. मी ह्यांना दंडाला धरून त्याच दुकानात नेलं आणि तो डिजिटल घेतला. वाटेत ह्यांची सेटिंगबद्दलची सगळी मतं ऐकून घेतली.

रात्री त्यावर तुकडा ठेवला. काचेत बारीक काळे आकडे उमटले.

"ऐंशी," मी म्हणाले.

"तू खरं सांगतीस कशावरून?"

"नका विश्वास ठेवू. स्वतः वाचा."

हे वाकले. उजवा डोळा लावून पाहिलं, मग डावा. नाक काचेला टेकलं आणि त्या भाराने आकडा वाढला, तोही ह्यांना कळला नाही. आता लाइटला नाहीतर दुकानदाराला शिव्या पडणार, म्हणून मी वाट बघत राहिले. हे तसेच वाकून होते.

"न्हाई दिसत गं," हे म्हणाले.