केशरी वर आहे का?

धोंडिबाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. ठाणे पूर्वेच्या कोपरीतून चालत पूल ओलांडून पश्चिमेला, तिथून पहिली बस, आणि साडेपाचच्या आत घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या गेटवर. सात वर्षांत तो दोनदा उशिरा पोचला. दोन्ही वेळा बस बंद पडली होती.

त्याआधी एकोणतीस वर्षं तो आणि मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात खलाशी होतो. खलाशी म्हणजे जड यंत्रं दोर, साखळी आणि कप्पीनं उचलून जागेवर बसवणारे. कारखाना बंद झाला. मी घरी बसलो, त्यानं वॉचमनची वर्दी घातली.

सोसायटीचा झेंडा तोच बांधायचा. पंधरा ऑगस्टला झेंडा खालून वर चढवतात. सव्वीस जानेवारीला तो घडी करून, आत फुलांच्या पाकळ्या घालून, आधीच वर बांधतात आणि पाहुणे दोरी ओढून उघडतात. म्हणजे ऑगस्टला काही चुकलं तर चढवताना दिसतं. जानेवारीला सगळं बंद गाठोड्यात असतं. दोरी ओढेपर्यंत कोणालाच कळत नाही. आणि केशरी पट्टा खाली गेला, तर तो झेंड्याचा अपमान असतो. नंतर माफी मागून तो पुसला जात नाही.

दोन वर्षांपासून धोंडिबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. सोसायटीत कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. ऑपरेशन कर म्हटलं की म्हणायचा, पंधरा दिवस घरी बसलो तर माझ्या खुर्चीवर दुसरा बसेल. झेंडा तो बोटांनी बांधायचा. खादीच्या झेंड्याच्या दोरीला केशरी बाजूला लाकडाची छोटी खुंटी असते. ती बोटाला लागली की वर-खालीचा प्रश्न मिटला.

त्या जानेवारीत जुना झेंडा त्यानंच बाद केला. किनारीचे धागे सुटलेले बोटाला लागले. फाटका झेंडा लावत नाहीत, असं त्यानं जाऊन सांगितलं. चेअरमन मुकुल म्हणाला, नवीन आणतो. त्याच आठवड्यात वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीचा सुपरवायझर महेंद्र सांगून गेला होता की साठीच्या वरच्यांना महिनाअखेर कमी करणार आहेत. मुकुलनं शब्द टाकला तर धोंडिबा राहणार होता. मुकुल म्हणाला होता, सव्वीस तारखेचं नीट होऊ द्या काका, मग मी बोलतो.

पुढचं मला धोंडिबानं सांगितलं आणि गोदूबाईनंही. ती तिथं साफसफाईला आहे. दोघांचं सांगणं जुळतं, म्हणून लिहितो.

सव्वीसच्या पहाटे त्यानं हात धुतले आणि खांबाजवळ नवीन झेंड्याचं पाकीट फोडलं. झेंडा पॉलिस्टरचा निघाला. खुंटी नाही. दोन्ही कोपऱ्यांना सारखीच पितळी कडी. चक्र उलटं धरलं तरी चक्रच. उजेडात बघावं तर क्लबहाऊसला कुलूप होतं. गेटवरच्या पिवळ्या दिव्याखाली त्यानं झेंडा दोन्ही हातांवर धरून पाहिला. मधला पट्टा उजळ, बाजूचे दोन्ही काळपट. एक जरा जास्त गडद वाटला. तो त्यानं हिरवा धरला. महेंद्रचा फोन आला, सहा वाजता बांधलेल्या झेंड्याचा फोटो ग्रुपवर पाहिजे. त्यानं घडी घातली, ताटात तोडून ठेवलेल्या झेंडूच्या पाकळ्या भरल्या, सुरगाठ मारली आणि गाठोडं वर चढवलं. फोटो गेला. मुकुलनं अंगठा पाठवला.

सात वाजता गोदूबाई रांगोळी काढायला आली. उरलेल्या पाकळ्यांच्या ताटाकडे बघून म्हणाली,

"बाबा, झेंडूबरोबर पाला पण निवडलात का? अर्धी पानंच आहेत यात."

ती हसत होती. धोंडिबानं मूठभर उचलून डोळ्यांजवळ नेलं. सगळं एकाच रंगाचं दिसलं. पाकळ्या त्यानंच पहाटे त्याच दिव्याखाली तोडल्या होत्या. पान आणि पाकळी ज्याला वेगळी दिसली नाही, त्यानं हिरवा आणि केशरी कसा ओळखला?

गोदूबाई म्हणते, त्यानंतर तो अर्धा तास खांबापाशी नुसता उभा होता. खुर्च्या मांडल्या गेल्या. पांढरे कपडे घातलेली माणसं खाली यायला लागली. लहान मुलांना पुढे बसवलं. दोरी ओढायला नीलाताई होत्या, सोसायटीतल्या सगळ्यात वयस्क, जुन्या मास्तरीण. आठला दहा कमी असताना धोंडिबा मुकुलकडे गेला आणि झेंडा खाली घ्यायचाय म्हणाला.

मुकुलला वाटलं गाठीचं काही असेल. गाठ मस्त आहे, मी बघितली, असं तो म्हणाला.

"गाठ नाही, साहेब. केशरी वर आहे का, ते बघायचंय."

"तुम्हीच बांधलाय ना?"

"मीच बांधलाय. मला दिसलं नाही."

कार्यक्रमाला आलेल्या महेंद्रनं धोंडिबाला कोपराला धरून बाजूला घेतलं. "बाबा, फिफ्टी-फिफ्टी आहे. तोंड बंद ठेवा ना. नोकरी घालवताय."

धोंडिबा म्हणाला, "फिफ्टी-फिफ्टीवर आम्ही कधी लोड उचलला नाही."

हे खरं आहे. आमच्यात शंका आली की खाली घ्यायचं, मग वर तीन टन असो की तीस किलो. फोरमन शिव्या देतो, वेळ जातो. तरी खाली घ्यायचं.

दोनशे माणसांसमोर त्यानं दोरी सोडली. गाठोडं सावकाश उतरलं. जमिनीला लागू नये म्हणून दोन्ही हात पुढे करून त्यानं ते अंगावर घेतलं. घडी सुटली, पाकळ्या आणि पानं फरशीवर सांडली. मागे कोणीतरी मोबाईल वर धरला. गोदूबाईनं वरचा कोपरा उलगडला.

"केशरी वर आहे, बाबा," ती म्हणाली. "बरोबरच होतं."

मागून कोणी हसलं. मुकुलनं घड्याळ बघितलं आणि विचारलं, मग उतरवला कशाला. गोदूबाईनं ताटातली पानं भराभर वेचून काढली. त्यानं परत घडी घातली आणि गाठ मारली. गाठीला त्याचे डोळे कधी लागलेच नव्हते. दहा मिनिटं उशीर झाला. नीलाताईंनी दोरी ओढली, पहिल्या ओढीला सुरगाठ सुटली आणि पाकळ्या खाली आल्या. गोदूबाई सांगते, त्यात एकही पान नव्हतं. धोंडिबा सावधान उभा होता. त्याला वर काहीतरी हलताना दिसलं, एवढंच.

मुकुल ओरडला नाही. संध्याकाळी त्यानं एजन्सीला कळवलं की गेटवरच्या माणसाला दिसत नाही. मुकुल चुकला असं मी म्हणणार नाही. गेटवर डोळे लागतात. धोंडिबाही तसं म्हणाला नाही. मी त्याला विचारलं, झेंडा बरोबरच होता, मग गप्प राहिला असतास तर काय बिघडलं असतं?

"बरोबर होता हे मला कुठं माहीत होतं?" तो म्हणाला. "ते नशिबानं झालं. कामात नशीब धरत नाहीत."

एकतीस तारखेला त्यानं शिट्टी, टॉर्च आणि वर्दीचे दोन जोड धुऊन, इस्त्री करून परत दिले. त्या दिवशीही तो साडेपाचच्या आत पोचला होता.

आता खुर्ची जाण्याची भीती नव्हती. फेब्रुवारीत शेवटचा पगार हातात आला, तसा मी त्याला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. त्या पगारात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन भिंग बसलं. डावा डोळा अजून बाकी आहे.