आधी पारडाचा हक

थोरल्याच्या वेळी मी सगळ्यांचं ऐकून पहिलं दूध टाकून दिलं होतं, आणि त्याचं पहिलं वर्ष देवासच्या दवाखान्यात सुया टोचून घेण्यातच गेलं. धाकटी झाली तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, आईचं पहिलं पिवळं दूध पोटात गेलं की बाळाला रोगाशी लढायचं बळ मिळतं, ते सारखं आजारी पडत नाही. ते मी मनाशी पक्कं धरलं.

दुसऱ्या दिवशी घरी आले, तर सासूबाई वाटी घेऊन तयार. "हा चीक वाटीत पिळून टाक. बाळाला बाधतो. तोवर मध चाटव."

"नाही टाकणार."

त्यांनी वाटी माझ्या उशाशी आपटली.

तेवढ्यात दूधवाला भैया आला. त्याची म्हैस व्याली होती, म्हणून खरवसासाठी चीक आणला होता. चरवीला हात लावण्याआधी सासूबाईंनी नेहमीसारखं दरडावून विचारलं, "पाडे को पहले पिलाया ना? उसका हक मारके हम नहीं खाते."

"पिलाया, माँजी."

मी लेकीला पदराखाली घेतलं. "अहो आई, पारडाचा हक तुम्ही मारत नाही. मग हिचाच का?"

त्या वाटी उचलून आत गेल्या.

संध्याकाळी तीच वाटी खरवसाने भरून माझ्यापुढे आली.