हेमालीचं शंखांचं गाणं

हेमाली मेहेर तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये काम करते, माझ्या शेजारच्याच टेबलावर. मूळची सातपाटी या मच्छीमार गावची. जाळ्यात माशांबरोबर जे शंख येतात आणि बाकीचे लोक फेकून देतात, ते ती लहानपणापासून जमवते. धुते, मापते, वहीत लॅटिन नाव लिहिते. अशा सतरा वह्या झाल्यात. कॉलेजात मुली तिला 'शंखीण' म्हणायच्या. तेव्हापासून ती त्याबद्दल कुणाशी बोलत नसे.

मला कळलं ते गाण्यामुळे. सालवडला आमच्याच कारखान्यातल्या निमेशच्या खोलीवर आम्ही रविवारी वाजवायचो. निमेशची गिटार, माझे ड्रम, हेमालीचा आवाज. कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमाला आम्हाला स्वतःचं रॉक गाणं हवं होतं. तिनं एक चुरगळलेलं पान पुढं केलं. कडव्यांत शंखांची नावं आणि ध्रुवपद, 'उघडून पाहू नकोस, आत कुणी नाही.'

"मस्त ब्रेकअपचं गाणं आहे," निमेश म्हणाला. तिनं पान परत घेतलं आणि चाल गुणगुणायला लागली.

कार्यक्रमात पहिल्याच लॅटिन नावाला लोक हसले. पण ती थांबली नाही. शेवटी मागच्या रांगेतले ऑपरेटरसुद्धा ध्रुवपद ओरडून म्हणत होते.

तिची आई सुगंधा मासे विकते. ती मुद्दाम आली होती. स्टेजमागं येऊन तिनं विचारलं, "कोन हाय तो? कोनी फसवलं तुला?"

"कोनी नाय गं आई. माज्यावरच लिवलंय. येवढी नावं पाठ हायत, ती काढून घेतली तर माज्यात उरंल काय, असं वाटतं."

सुगंधा स्पीकरच्या खोक्यावर बसली. "तुला बघायला पाव्हनं आलं तवा तुज्या वह्या मीच माळ्यावर टाकल्या."

"म्हाईत हाय."

"लाज नव्हती वाटली गं. तुला हसतील म्हनून भ्यायले."

हेमाली तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी उगाचच वायर गुंडाळत राहिलो.

आता मासे निवडताना वेगळा दिसेल तो शंख सुगंधा बाजूला काढते. जाळं किती खोल पाण्यात टाकलं होतं, तेही विचारून ठेवते. गेल्या शनिवारी ती थेट कारखान्याच्या गेटवर आली. ओल्या फडक्यात बोटाएवढा शंख होता.

"ह्याचं नाव काय?"

हेमालीनं तो उन्हात धरला, उलटसुलट फिरवला.

"मला नाय म्हाईत," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.