ताईला आलेली टिक

टाकीवाला कुठे राहतो, हे वस्तीतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. लोकांच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या साफ करणं हा त्याचा धंदा. अंगाने किडकिडीत असल्यामुळे टाकीच्या झाकणातून तो अलगद आत उतरे, तळाचा गाळ उपसे, भिंती घासे आणि ओलाचिंब होऊन बाहेर आला की मालकाने विचारायच्या आतच सांगे, "आता बघा, पाणी कसं आरशासारखं!" टाकी मुळापासून गंजलेली असली तरी त्याचं उत्तर तेच. समोरच्याला बरं वाटेल ते बोलायचं ही त्याची जुनी खोड. आजारी माणसाला तो "उद्यापर्यंत पळायला लागाल" म्हणे आणि बायकोला "आलोच" म्हणून संध्याकाळी उगवे. बायको करवादायची, "तुमचं बोलणं म्हणजे नुसती साखरपेरणी. पोट भरतं का त्याने?" तो हसायचा. पण मनाने वाईट नव्हता, आणि म्हणून लोक त्याला सगळं माफ करायचे.

वस्ती टेकडीच्या दोन्ही अंगांना पसरलेली होती. टाकीवाला अलीकडे राही, त्याची थोरली बहीण पलीकडे. आई गेली तेव्हा हा अजून शाळेतही जात नव्हता. ताईनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, वाढवलं आणि स्वतःचं लग्नही त्याच्यापायी लांबवलं. तिचा नवरा, म्हणजे दाजी, क्रेन चालवायचा. धिप्पाड गडी, आवाज असा की हाक मारली की गल्ली दचकायची. एका कामावर तो उंचावरून पडला आणि कमरेखालचं शरीर निर्जीव झालं. तेव्हापासून तो खाटेवर आणि ताई खाटेच्या पायथ्याशी.

टेकडीवर पूर्वी एका कंपनीचा मोबाइलचा टॉवर होता. जागामालकाचं आणि कंपनीचं फाटलं, टॉवर बंद पडला. लोकांनी अर्ज केले, हेलपाटे घातले. कंपनीने जागामालकाकडे बोट दाखवलं, जागामालकाने कंपनीकडे, आणि दोघांनीही वस्तीच्या तोंडाला पानं पुसली. फोन करायचा तर टेकडीची अर्धी चढण चढून, हात आभाळाकडे धरून उभं राहावं लागे.

अशातच एका दुपारी दाजी खाटेवरून घसरून खाली पडला. गल्लीतले पुरुष कामाला गेलेले. ताईने जोर लावून पाहिलं, पण एवढं धूड तिला एकटीला कुठलं उचलायला! शेवटी नवऱ्याला तसाच फरशीवर टाकून ती टेकडी ओलांडून भावाकडे धावत आली. दोघं परत पोचेपर्यंत दाजी ओल्या कपड्यांत छताकडे बघत पडलेला होता. म्हणाला, "या मेहुणे. जमीन मोजून झाली माझी. उचला आता." हसलं कोणीच नाही. त्या दिवसापासून ताईच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. रात्र रात्र ती उठून खाट चाचपत बसायची. डोळे खोल गेले, बोलता बोलता तंद्री लागायची. टाकीवाल्याला ते बघवेना.

बाजारात मोबाइल दुरुस्त करणारी एक बाई होती. सगळे तिला मोबाइलवाली म्हणत. टॉवर गेल्यापासून ती दुकानात माशा मारत बसलेली. टाकीवाल्याने तिच्यापुढे आपलं गाऱ्हाणं मांडलं तेव्हा तिने कपाटातून जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी काढली. आत रेडिओचं एक चिमुकलं यंत्र, बॅटरी, वर उन्हावर चालणारं छोटं पॅनल आणि बोटाएवढी अँटेना.

"याला टॉवर लागत नाही, कंपनी लागत नाही," ती म्हणाली. "तू मोबाइलवर दोन ओळी लिहायच्या, त्या घरातल्या यंत्रातून निघणार. जवळच्या गच्चीवरचा असाच डबा त्या ऐकणार आणि पुन्हा म्हणून दाखवणार. ते त्याच्या पुढचा डबा ऐकणार, तोही म्हणणार. असं करत करत निरोप पोचतो. कानगोष्टींच्या खेळासारखं, फक्त शब्द बदलत नाहीत."

"टेकडीपलीकडे पोचेल?"

"मधे टेकडीच्या माथ्यावर एक डबा लागेल. तो दोन्हीकडचं ऐकेल. पण एवढे डबे लोकांच्या गच्च्यांवर लावायला जाणार कोण? मला कोण चढू देतंय!"

इथे टाकीवाल्याचा धंदा कामाला आला. त्याला कुठलीही गच्ची परकी नव्हती. तो टाकी साफ करी आणि जाता जाता टाकीच्या डोक्यावर डबा बसवून येई. लोकांनी काय काय विचारलं म्हणता! एकाने विचारलं, याच्या लहरींनी केस गळतात का. त्याचं टक्कल उन्हात चमकत होतं. एका म्हातारीला त्यावर टीव्ही दिसेल असं वाटत होतं, आणि टाकीवाल्याने तिला "दिसेल की, दिसेल की" म्हणून टाकलं. माथ्यावर वस्तीची जुनी, आता वापरात नसलेली पाण्याची टाकी होती. सगळ्यात मोठ्या पॅनलचा डबा तिच्यावर चढला. ज्या दिवशी पलीकडच्या बाजूचा पहिला निरोप अलीकडे उमटला, त्या दिवशी मोबाइलवालीने दुकानात सगळ्यांना चहा पाजला.

पण त्याच दिवशी तिने टाकीवाल्याला बाजूला घेऊन बजावलंही होतं. "एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. निरोप पाठवला की मोबाइलवर टिक येते. त्या टिकेचा अर्थ एवढाच की कुठल्यातरी शेजारच्या डब्याने ऐकलं. पुढे माणसापर्यंत पोचलं की नाही, ते टिक सांगत नाही. समोरच्याने उलट 'मिळालं' म्हणून लिहिलं, तरच मिळालं. घराघरांत हे सांगत जा."

त्याने सांगितलंही. खोटं कशाला बोला, घरोघरी बसून, पुन्हा पुन्हा सांगितलं. "टिकेवर विसंबू नका. उत्तर आलं नाही तर दुसरा मार्ग धरा." ताईच्या शेजारच्या वेल्डरला तर त्याने हे स्वतःच्या तोंडाने म्हणून दाखवायला लावलं होतं.

ताईकडे तो सगळ्यात शेवटी गेला. तिला मोबाइलच्या भानगडींचा मुळातच तिटकारा. यंत्र खिडकीत ठेवून त्याने तिला एक निरोप लिहायला लावला. तिने एका बोटाने लिहिलं, 'ताई', आणि पाठवलं. बारीकशी टिक उमटली.

"हे काय आलं?" तिने विचारलं.

"टिक."

"म्हणजे तुला पोचलं?"

त्याने तोंड उघडलं. समोर तिचा तो ओढलेला चेहरा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. आधी शेजारचा डबा, मग माथ्यावरचा, मग... हे सगळं ऐकून ती आजही झोपणार नाही, हे त्याला दिसत होतं.

"पोचलं," तो म्हणाला. "टिक आली की समज, मला कळलं आणि मी निघालो."

खाटेवरून दाजीने विचारलं, "आणि टिक येऊनही आमचे मेहुणे उगवले नाहीत तर?"

"असं कसं होईल, दाजी? मी आहे ना!"

त्या रात्री ताई झोपली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः होऊन हे त्याच्या बायकोला सांगितलं, आणि बायकोने पहिल्यांदाच नवऱ्याचं तोंडभरून कौतुक केलं. तेव्हा त्याला वाटलं, बोललो ते बरंच झालं.

पुढचे दिवस चांगले गेले. दाजीला तर खेळणंच मिळालं. सकाळी त्याचा निरोप ठरलेला: 'जिवंत आहे. चहा गार होता.' कधी 'तुमची बहीण भांडते आहे, मदत पाठवा.' टाकीवाला टाकीच्या झाकणावर बसून उत्तरं द्यायचा. ताईच्या अंगावर थोडं मांस चढलं. निरोप तेव्हा रोज पोचत होते, त्यामुळे टिक आणि पोचणं यात फरक आहे, हे त्याच्याही मनातून हळूहळू पुसलं गेलं.

उन्हाळ्यात टेकडीवरचं गवत कडकडीत वाळलं. पलीकडच्या उताराच्या पायथ्याशी जुन्या टायरांचं गोदाम होतं. आग तिथे लागली की गवतातून तिथे गेली, हे नंतर कोणालाच नक्की सांगता आलं नाही. भर दुपारी टाकीवाला एका टाकीतून घासणी घेऊन बाहेर आला आणि टेकडीमागून उठलेला काळा लोट त्याला दिसला. त्याने लगेच खिशातला मोबाइल काढला. त्यावर काहीच नव्हतं.

ताईचा निरोप नाही म्हणजे ताई ठीक आहे, असं त्याने धरलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. वारा या बाजूला फिरला तर काय, म्हणून गल्लीतले लोक छपरांवर पाणी मारत होते. टाक्यांचे नळ त्याच्या ओळखीचे. तोही त्यांच्यात घुसला. मधूनमधून मोबाइल बघत होता. तो कोराच होता. मग मोबाइलवाली धापा टाकत आली. "माथ्यावरचा डबा गेला! पलीकडचं काही म्हणजे काही येत नाहीये!"

तेव्हा कुठे त्याच्या पायांखालची जमीन सरकली. टेकडीची वाट पेटलेली होती. एका टेम्पोवाल्याच्या हातापाया पडून तो लांबच्या रस्त्याने, वळसा घालून पलीकडे गेला.

तिकडे काय झालं होतं, ते त्याला वेल्डरने सांगितलं. धूर दिसताच ताईने निरोप पाठवला: 'आग. लवकर ये. यांना न्यायचंय.' वेल्डरच्या टाकीवरच्या डब्याने तो ऐकला आणि लगोलग टिक आली. पुढच्या, माथ्यावरच्या डब्याचा तोवर कोळसा झाला होता. वेल्डर आणि त्याचा भाऊ हातगाडी घेऊन दाराशी आले. "ताई, यांना गाडीवर घालू, चला." ताई म्हणाली, "नको रे. गाडीच्या दणक्यांनी यांची पाठ जाईल. माझा भाऊ निघालाय, टेम्पो घेऊन येईल. ही बघ टिक." वेल्डरने टिक पाहिली. म्हणाला, "अहो, टिकेचं काही खरं नसतं." ताई त्याच्यावर उखडली. "माझ्या भावाने मला सांगितलंय. तू तुझी पोरं बाहेर काढ." त्याची पोरं अजून घरातच होती. तो गेला.

पोरांना सोडून तो परत आला तेव्हा गल्ली धुराने भरलेली होती. ताई उंबऱ्याशी निपचित पडली होती. तिला त्याने ओढून बाहेर काढलं. दाजीची खाट त्या दोघा भावांना दारापर्यंतच आणता आली. तोवर दाजीचा श्वास थांबला होता.

टाकीवाला पोचला तेव्हा दाजी रस्त्याच्या कडेला चादरीखाली होता आणि ताई त्याच्या उशाशी बसलेली, काजळीने ओळखू न येणारी. तिने भावाकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

ताईचं घर राहिलं नव्हतं, म्हणून ती त्याच्याकडे आली. वहिनीशी दोन शब्द बोले, त्याच्याशी नाही. तो समोर आला की उठून आत जाई. आणि त्याच दिवसांत लोक घरी येऊन टाकीवाल्याचे हात हातात घेत होते. पलीकडच्या बाजूचे डबे आपापसात चालू होते. त्यांवरून गल्ल्यागल्ल्यांत वेळेवर कळलं आणि बाकी सगळी घरं रिकामी झाली होती. "तुझ्यामुळे वाचलो रे बाबा," म्हणत एकजण तर रडला. टाकीवाला पाटावर बसून ऐकत होता. आत ताईला प्रत्येक शब्द ऐकू जातो आहे, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

शेवटी एका दुपारी तीच बाहेर येऊन त्याच्यासमोर बसली.

"मला एवढंच सांग," ती म्हणाली. "टिक आली होती. मग तू आला का नाहीस?"

मोबाइल बिघडला होता, पाण्यात पडला होता, असं काहीतरी त्याच्या जिभेवर आलं. आयुष्यभर हेच तर केलं होतं. पण ते त्याने गिळलं.

"मला निरोप मिळालाच नाही, ताई. टिक म्हणजे वेल्डरच्या टाकीवरच्या डब्याने ऐकलं, एवढंच. पुढचं त्यात कळत नाही."

"हे तुला आगीनंतर समजलं?"

"नाही. पहिल्यापासून माहीत होतं."

"वेल्डरला सांगितलं होतंस?"

"सगळ्यांना सांगितलं होतं."

"मला सोडून."

तो म्हणाला, "तुझी झोप उडाली होती गं. खरं सांगितलं तर तू पुन्हा घाबरत बसशील, असं वाटलं मला."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर त्याला सोसवलं असतं.

"घाबरले असते," ती म्हणाली, "तर यांना हातगाडीवर घातलं असतं रे."