आईची चुनरी इंजिनावर

मला इंजिनाचं कळतं, आणि देवीचंही थोडंफार कळतं, असा माझा समज होता. डहाणूजवळ वरोरला माझी मासेमारीची बोट आहे. वडिलांनंतर तिचा तांडेल, म्हणजे कप्तान, मीच, आणि नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखण्यात मी आजवर कुणाला हार गेलेलो नाही. गेल्या मोसमात तेच इंजिन माझ्या डोळ्यांदेखत अर्धमेलं झालं आणि मला काही म्हणजे काहीच उमगेना. तेव्हा मी इंजिनावर चिडलो, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त देवीवर चिडलो. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. आईवर रुसणारा मी काही पहिला लेक नव्हे.

सुरुवात झाली ती प्लास्टिकच्या एका पिशवीने. इंजिन थंड ठेवायला बोटीच्या तळातून समुद्राचं पाणी आत खेचलं जातं. त्या तोंडावर पिशवी जाऊन चिकटली आणि पाणी बंद झालं. जळका वास आला म्हणून खाली धावलो, तर इंजिन तव्यासारखं तापलेलं. ताबडतोब बंद केलं. माझा खलाशी रावजी, तलासरीकडच्या पाड्यावरचा, पावसाळ्यात घरचं भात लावतो आणि बाकीचं वर्ष माझ्या बोटीवर असतो. त्याने बुडी मारून पिशवी काढली. इंजिन निवल्यावर हळूहळू घरी आलो. ते जाम झालं नाही ही महालक्ष्मीची कृपा, असं बायको म्हणाली, आणि मलाही तसंच वाटलं. लगेच विवळवेढ्याच्या देवळात जाऊन देवीची ओटी भरली आणि तिच्या पायाला लावलेली लाल चुनरी प्रसाद म्हणून घेऊन आलो.

ती चुनरी मी इंजिनाला बांधली. मी कुठलंच काम अर्धवट करत नाही. इंजिनाला गळा असलाच तर तो कुठे असेल याचा नीट विचार केला, पुढे एअर फिल्टरचा डबा असतो त्याच्याभोवती चुनरी गुंडाळली, पक्की गाठ मारली आणि जरीचा काठ पुढून झुलता सोडला. फारच शोभून दिसत होती. रावजीने लांबूनच हात जोडले. आता या बोटीला काही होत नाही, असं मी सगळ्यांना ऐकवूनही टाकलं.

आणि पुढच्याच फेरीपासून इंजिन दमायला लागलं. चालू व्हायचं झटक्यात, हळू चालवलं तर कुरकुर नाही, पण जरा रेस वाढवली की काळा धूर सोडायचं आणि बोट जागची हलायची नाही. डहाणूहून जयंतीभाई मेस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "तापलेलं इंजिन आहे भाई, आतून काहीतरी गेलं असणार." मग डोक्यावर टॉवेल बांधून ते कामाला बसले. डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल साफ केले, हेडचं गॅस्केट पाहिलं, बोटीच्या तळाचा पंखाही पाहिला. प्रत्येक वेळी काम सुरू करण्याआधी ते मला हाक मारायचे. "माताजीची चुनरी तुम्हीच काढा. माझे हात बघा कसले काळे." मी चुनरी सोडायचो, कपाळाला लावायचो आणि घडी करून फळीवर ठेवायचो. काम झालं की खाडीत चालवून बघायचो, इंजिन असं पळायचं की वा! मी समाधानाने चुनरी पुन्हा बांधायचो, आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात पुन्हा तेच रडगाणं.

जयंतीभाई वैतागले. मी तर देवीशी भांडायलाच लागलो. तुला काय कमी केलं? बांधायला चुकलो का? गाठ सैल झाली का? म्हणून मी ती आणखी आवळायचो. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही तिच्याकडे मागणं मागता की तिला हुकूम सोडता?" मी म्हटलं, तू तुझी सुकट बघ. इतक्या वर्षांच्या संसारात ती बहुतेक वेळा बरोबर निघते, पण हे त्या क्षणी कोण मान्य करतो?

एके दिवशी आम्ही समुद्रात बऱ्यापैकी आत गेलो होतो. सकाळची वेळ होती. विंचच्या रहाटावर जाळ्याची दोरी ओढली जात असताना ती तुटली आणि सपकन रावजीच्या हातावर बसली. कोपराखालचं मांस उघडं पडलं. एवढं रक्त मी बोटीवर कधी पाहिलं नव्हतं. माझ्या खांद्यावरचा गमछा बांधला, तो बघता बघता भिजला. दुसरा टॉवेल बांधला, तोही भिजला. माझा चुलतभाऊ विलास सुकाणूवर होता. त्याने लिव्हर पुढे ढकलून ठेवला, तसा काळा धूर निघाला आणि बोट आपली रांगतच राहिली. ओहोटी लागलेली होती. आमच्या खाडीतलं पाणी उतरलं की बोट आत येत नाही, भरतीची वाट बघत बाहेर थांबावं लागतं. रावजीचा चेहरा मातीसारखा झाला होता. भरतीपर्यंत हा टिकणार नाही हे मला कळत होतं, आणि विलासलाही कळत होतं. फोनला रेंज नव्हती.

मी इंजिनापाशी उतरलो. काय करायला उतरलो ते आजही सांगता येणार नाही. बहुधा आणखी एकदा भांडायलाच. तिथे समोर ती चुनरी दिसली. बोटीवर बाकी सगळ्या चिंध्या डिझेलच्या नाहीतर मासळीच्या पाण्याच्या, कोरडं आणि स्वच्छ कापड तेवढं एकच होतं, कारण त्याला कुणी हात लावत नव्हतं. माझा हात पुढे गेला आणि थांबला. ही गाठ सोडली की देवीची राखण संपली, मग इंजिनही बंद पडेल आणि आम्ही सगळेच अडकू, असं मला अगदी खरं वाटलं. वरून रावजीच्या कण्हण्याचा आवाज आला. मी म्हटलं, आई, आता तुझं तू बघ. गाठ सुटेना, इतकी मी ती आवळलेली. सुरीने कापली. तरी कापड येईना, आतून कुणी धरून ठेवावं तसं ते डब्याला चिकटलेलं. देवीच सोडत नाही असं मला वाटलं. "सोड ना आई," असं मोठ्याने म्हणालो आणि हिसका मारला.

चुनरी हातात आली, आणि मी वर चढेपर्यंत इंजिनाचा आवाज बदललेला होता. मला तो ऐकू आला, पण त्याचा विचार करायला वेळ नव्हता. मी रावजीजवळ बसलो. त्याने लाल कापड ओळखलं आणि हात मागे घेतला. "नको, तांडेल. आईची हाय ती. रगत लागंल."

"अरे, आईचा पदर असतो कशाला?" मी म्हणालो आणि जखमेच्या वर चुनरी करकचून बांधली. रक्त थांबत आलं. मग विलासची हाक आली, "दादा, धूर बघ!" मागे वळून पाहिलं तर धूर नव्हता. बोटीने नाक वर उचललं होतं आणि ती पाणी कापत निघाली होती. विलास रडत होता. मीही रडत होतो. खाडीच्या तोंडाशी पाणी अजून होतं, थोडंच, पण आमच्यापुरतं होतं. बंदरावर कुणाची तरी जीप उभी होती. डहाणूला डॉक्टरांनी टाके घातले, रक्त चढवलं आणि हात वाचेल असं सांगितलं.

दोन दिवसांनी जयंतीभाई आले. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी इंजिन चालू करून रेस वाढवली आणि डोक्यावरचा टॉवेल एअर फिल्टरच्या तोंडापाशी नेला. टॉवेल झपकन आत ओढला गेला, इंजिन गुदमरलं आणि काळा धूर निघाला. टॉवेल काढला, इंजिन मोकळं झालं. तापण्याचा आणि या दमण्याचा संबंधच नव्हता. मी देवीला बांधलं होतं ते नेमकं इंजिन श्वास घेतं त्या जागेवर. आणि आम्ही दोघं भाविक असे, की तपासणीच्या वेळी तिला अदबीने उतरवून ठेवायचो आणि बोट समुद्रात न्यायच्या आधी परत तिथेच बांधायचो. जयंतीभाई हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

काही जण म्हणतात, यात चमत्कार कसला, हवा अडली होती, मोकळी झाली. बरोबर आहे, मीही तेच सांगतो. एवढंच, की रावजीचं रक्त थांबवणारं कापड आणि इंजिनाचा श्वास अडवणारं कापड एकच होतं, आणि ते सोडायची बुद्धी मला नेमकी त्या घडीला झाली. ती मी स्वतःच्या हुशारीने मिळवलेली नाही. माझी हुशारी गाठ आवळण्यात खर्च झाली होती. देवीला आपण सांगू त्या जागी बसवून ठेवायचं आणि वर तिच्याकडून कामाची अपेक्षा करायची, यालाच मी भक्ती समजत होतो. "आता तुझं तू बघ" हे मी नाइलाजाने म्हटलं, पण माझ्या आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना तीच असावी.

जखम भरल्यावर रावजी बोटीवर परत आला. त्याच्या बायकोने चुनरी धुऊन, घडी घालून दिली होती. काठापाशी डाग राहिला होता. त्याने ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. दुखऱ्या हाताची बोटं आता नीट वळत होती, ते मी आधी पाहिलं.

"कुठं बांधू, तांडेल?"

मला सगळ्याच गोष्टी कुठे बांधायच्या ते नेहमी ठाऊक असतं. त्या दिवशी मी म्हणालो, "बांधू नको. नुसती ठेव."

केबिनमध्ये देवीच्या तसबिरीपुढे त्याने ती ठेवली. आम्ही दोघांनी हात जोडले, आणि मग मी खाली जाऊन इंजिन चालू केलं.