सुनेचा परदेश

आमची सून पोर्तुगालची. मुलगा आठ वर्षं तिकडे नोकरीला होता, तिकडेच त्याने लग्न केलं, आणि गेल्या वर्षी कंपनीने त्याला मुंबईच्या ऑफिसात पाठवलं तेव्हा तिला घेऊन आमच्या जेसल पार्कच्या घरी आला. लोकांच्या सुना परदेशात जाऊन तिकडच्या दुकानांचे फोटो पाठवतात. आमच्या सुनेचा परदेश म्हणजे भाईंदर पूर्व, त्यामुळे आमच्या कोथिंबिरीच्या जुडीचे फोटो तिच्या आईला जात होते.

यायच्या आधी फोनवरच मुलगा सहज म्हणाला, महिनाभर राहून बघतो, नाहीच जमलं तर काशीगावात भाड्याने फ्लॅट घेऊ, एजंटशी बोलून ठेवलंय. काशीगाव काही सातासमुद्रापार नाही, रिक्षाने जाता येतं. पण इतक्या वर्षांनी घरी आलेला मुलगा दर रविवारी मिठाईचा बॉक्स घेऊन पाहुण्यासारखी बेल वाजवणार, ही कल्पनाच मला सहन होईना. मला ती दोघं घरात हवी होती. आणि ते सगळं सुनेच्या हो-नाहीवर अडलेलं होतं.

मग मी कंबर कसली. आम्ही मूळचे रत्नागिरीचे. सोडे, सुकट, बोंबील संपले की मला घर रिकामं वाटतं. समोरच्या दारातल्या गुजराती बाईंना वास जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षं खिडक्या लावून शिजवत आले. आता तर परदेशी नाक घरातच येणार होतं. सगळा सुका बाजार पिशव्यांवर पिशव्या चढवून डब्यात घातला आणि डबा माळ्यावर टाकला. मुलगा आल्या आल्या कालवण मागेल ही भीती होती, म्हणून त्याला आधीच फोनवर सांगून टाकलं की मी मासे सोडलेत, आता घरात येतसुद्धा नाहीत. त्याने कधी नव्हे ते आईचं निमूट ऐकलं. आमच्या ह्यांना मी विचारलंच नव्हतं. ते रोज ताटात दुधी बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे.

सुनेसाठी मी बिनतिखटाचं, बिनवासाचं शिजवत होते. उकडलेल्या भाज्या, दहीभात, चीज सँडविच. दवाखान्यातसुद्धा याहून चमचमीत मिळत असेल. ती गोड हसून थँक यू म्हणायची आणि अर्धं ताट तसंच ठेवायची.

बाजारात मात्र खुलायची. पहिल्यांदा भाजीला नेलं तर बोट दाखवून म्हणाली, "बताता." 'ट' जरा मऊ होता, पण बटाटाच. बेकरीत गेलो तर पाव, तोही थोडा नाकातून. मुलाने शिकवलं असेल असं वाटून मी भाजीवाल्याला हिंदीत कौतुकाने सांगितलं की बघा, किती पटकन शिकली. ती म्हणाली, शिकायचं काय त्यात, हे तर तिच्या आईच्या स्वयंपाकघरातले शब्द. मला जरा रागच आला. आमचा बटाटा हिच्या आईचा कसा? घरी ह्यांनी खुलासा केला. पण ह्यांना कुठलाही खुलासा घोडबंदरच्या किल्ल्यापासून करायची सवय आहे. पोर्तुगीज किल्ल्यावरून 'बटाटा हा शब्द मूळचा त्यांचाच' इथपर्यंत येईस्तोवर माझी भाजी शिजून झाली होती.

पुढे ती एकटीच बाजारात जायला लागली. तास-तासभर लावायची. एकदा चहा घेतेस का विचारलं तर म्हणाली, "न्हाय." मी म्हटलं, अगं, नाही म्हण, नाही. आमच्या घरात 'न्हाय' कोणी म्हणत नाही. हे कुठून उचललं ते कळेना, पण मी खोलात गेले नाही.

महिना संपत आला आणि मुलाने सांगितलं की रविवारी फ्लॅट बघायला जायचंय. तिलाच वेगळं घर हवंय, म्हणाला. त्या दिवशी मला घास गेला नाही. एवढा दुधी शिजवून शेवटी हेच झालं.

शनिवारी सकाळी आमचे हे घरभर हुंगत फिरायला लागले. सुका मासा आहे, म्हणाले, आणि मी एकटीच चोरून खाते असा सरळ आरोप केला. मी शपथ घेतली. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला, तर पिशवीची गाठ जशीच्या तशी. वास मुलाच्या खोलीतून येत होता. दारात सून उभी, कानापर्यंत लाल झालेली. तिने आपल्या बॅगेतून एक पुडकं काढलं. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक पिशवी, आणि आत खारे बांगडे.

मार्केटच्या कोपऱ्यावर उत्तनची एक कोळीण सुकी मासळी घेऊन बसते. सून तास-तासभर तिच्याशी गप्पा मारायची, कुठल्या भाषेत ते देव जाणे. तिच्या देशात म्हणे घरोघरी खारवलेला मासा शिजतो, अगदी सणालासुद्धा.

"सॉरी, आई," ती म्हणाली, "धिस इज फॉर काशीगाव."

सासूने मासे सोडलेत, घरात आणायचे नाहीत, असं मुलाने तिला बजावलं होतं. खाऱ्या माशाशिवाय तिला राहवेना, आणि माझं मन तर दुखवायचं नव्हतं. म्हणून वेगळं घर. म्हणजे माझीच थाप माझ्या मुलाला काशीगावात धाडायला निघाली होती. मला आधी हसू आलं आणि मागोमाग रडू. मी माझा डबा तिच्यापुढे उघडला. तिने मूठभर सोडे नाकाशी नेले आणि डोळे मिटले.

रविवारी तिने भिजवलेले बांगडे बटाट्यांबरोबर शिजवले, मी सोड्याचं कालवण केलं. खिडक्या लावायचं मी विसरले. समोरच्या बाईंनी अगरबत्ती लावली, तिचाही वास आमच्या पंगतीत आला. आमचे हे तिसऱ्यांदा भात मागून घेत होते. तेवढ्यात एजंटचा फोन आला. मुलाने फोनवर हात ठेवून बायकोकडे बघितलं.

तिने भात कालवता कालवता मान हलवली. "काशीगाव न्हाय."

आता मी तिचं मराठी सुधारणार, असं वाटून ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिला आणखी कालवण वाढलं.